फराजची सही

अब्दुल्ला उलड्यांची फाइल खारघरच्या त्यांच्या सोसायटीत नावाजलेली होती. कुणाचं रेशनकार्ड हरवलं, कुणाला फ्लॅटच्या ताब्याचा जुना कागद सापडेना, की सेक्रेटरी म्हणायचा, जरा उलडेचाचांकडून शिका. चौतीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचा म्होरक्या म्हणून. जहाजावर दोर जसे वेटोळे घालून जागच्या जागी ठेवतात तसे ते घरात कागद ठेवायचे. कागद खरा तर माणूस खरा, हे त्यांचं आवडतं वाक्य. अशा माणसाला उद्या कागदच आडवा येईल असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला चहा पाजून हसत वाटेला लावलं असतं.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी कोर्टात जाण्याआधी त्यांनी फाइल पुन्हा एकदा चाळली. छप्पन्न पानं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल शाईने आकडा. सात वर्षांची नात समरा बुटाचे बंद बांधत होती. आज जज्ज हो बोलले तर मी लगेच मम्मीकडे जाणार का, असं तिने विचारलं. त्यांनी सांगितलं, लगेच नाही, पण मग कुणी अडवणार नाही. स्वयंपाकघरात त्यांची बायको अख्तरुन्निसा भाकऱ्या थापत होती. तिने हे ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. या खटल्यात ती पहिल्यापासून नव्हतीच, कारण खटल्याच्या अर्जात एक वाक्य होतं आणि ते तिला कबूल नव्हतं.

वाक्य असं होतं, की मुलीचा बाप फराज अब्दुल्ला उलडे जिवंत असण्याची शक्यता नाही.

फराज त्यांचा एकुलता एक मुलगा, जहाजावर फिटर. नऊ फेब्रुवारी दोन हजार एकवीसच्या सकाळी फ्रान्सजवळच्या बिस्केच्या उपसागरात त्याच्या जहाजावर हजेरी झाली तेव्हा एक माणूस कमी भरला. दोन दिवस शोधलं. काही हाती लागलं नाही. अब्दुल्लाभाईंनी ते पाणी पाहिलेलं होतं. त्या महिन्यात त्या पाण्यात पडलेला माणूस किती वेळ टिकतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, आणि त्यांनीही ते घरात कधी कुणाला सांगितलं नाही. कंपनीच्या पत्रात शब्द आला 'बेपत्ता'. जहाजावर झेंडा भलत्याच देशाचा, त्या देशाच्या कागदातही तोच शब्द. मयत नाही तर मृत्यूचा दाखला नाही.

अख्तरुन्निसाने तो शब्द घट्ट धरून ठेवला. श्रीवर्धनकडच्या त्यांच्या गावची जमातीची माणसं आली, गायबाना जनाजाची नमाज पढू या म्हणाली, म्हणजे मयत समोर नसताना पढतात ती. तिने त्यांना चहा दिला, नानखटाई दिली, आणि परत पाठवलं. फराजची सफर लांबली आहे, एवढंच ती म्हणायची. दर रमजान ईदेला त्याच्या मापाचा एक कुर्ता शिवून घ्यायची. कपाटात आता असे पाच कुर्ते होते, आणि अब्दुल्लाभाई त्या कपाटाकडे बघायचं टाळत.

सून आफरीन नर्स होती. तीन वर्षं तिने वाट पाहिली, मग परीक्षा दिली आणि आयर्लंडमध्ये कॉर्क नावाच्या गावी तिला नोकरी मिळाली. समराला सहा महिन्यांत बोलवून घेते, असं सांगून ती गेली, त्याला चौदा महिने झाले. पोरीच्या व्हिसासाठी कागदांची यादी आली तेव्हा अब्दुल्लाभाईंना मनातून आनंदच झाला होता. यादी म्हणजे त्यांचा प्रांत. जन्माचा दाखला, पासपोर्ट, फोटो, शाळेचं पत्र, सगळं त्यांनी दोन दिवसांत लावलं. मग अकरावा मुद्दा आला. मूल एका पालकाकडे जात असेल तर दुसऱ्याची लेखी संमती हवी. तो हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. दोन्ही नसेल तर मुलाचा ताबा एकट्या आईकडे आहे असा कोर्टाचा हुकूम.

नियम वाईट नव्हता. बायकोला न सांगता लेकरं पळवून नेणारे नवरे आणि नवऱ्याला न सांगता नेणाऱ्या बायका जगात आहेत, त्यांच्यासाठी तो केलेला होता. उलड्यांचं घर त्यात फुकट सापडलं. बेपत्ता बापाला त्या यादीत जागाच नव्हती.

म्हणून कोर्ट. वकील नमिता पाटणकर, पनवेलची, वयाने त्यांच्या सुनेएवढी, बोलायला तिखट आणि कामाला चोख. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, चाचा, कागद सगळे खरे ना? त्यावर अब्दुल्लाभाई जरा दुखावले होते. माझ्या फाइलीतला एक कागद खोटा निघाला तर नाव बदलून ठेवीन, असं ते म्हणाले होते.

अकरा महिने तारखा पडल्या. त्या मंगळवारी मात्र प्रकरण खरंच पुकारलं गेलं. विरोधात कुणी नव्हतंच. जज्जबाई शांतपणे पानं उलटत होत्या, मान हलवत होत्या. कंपनीचं पत्र पाहिलं, पोलिसांकडची नोंद पाहिली. अब्दुल्लाभाईंचं प्रतिज्ञापत्र पाहिलं, ज्यात लिहिलं होतं की नऊ फेब्रुवारी एकवीसनंतर मुलाकडून फोन नाही, चिठ्ठी नाही, कसलीही खूण नाही. मग त्या त्रेचाळिसाव्या पानावर थांबल्या. तिथून मागे प्रतिज्ञापत्रावर गेल्या आणि पुन्हा त्रेचाळीसवर आल्या.

त्रेचाळिसावं पान म्हणजे समराच्या पासपोर्टच्या वेळी भरलेला आईबापांच्या संमतीचा फॉर्म. ते पान कुणी मागितलंच नव्हतं. फाइल अपुरी दिसू नये म्हणून अब्दुल्लाभाईंनी ते हौसेने लावलं होतं. खाली दोन सह्या होत्या, एक आफरीनची, एक फराजची. तारीख चौदा ऑक्टोबर दोन हजार बावीस.

जज्जबाईंनी आवाज न चढवता विचारलं, की जो माणूस फेब्रुवारी एकवीसपासून बेपत्ता आहे त्याने ऑक्टोबर बावीसमध्ये सही कशी केली. नमिताने मागे वळून अब्दुल्लाभाईंकडे पाहिलं. नमिताने घाईघाईने मुदत मागितली आणि पुढची तारीख पडली.

आता ही सहीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर म्हातारा लबाड होता असं वाटेल, आणि तो लबाड नव्हता.

दर्यावर्दी घरांत पुरुष नऊ-नऊ महिने नसतो, पण कागद काही त्याच्यासाठी थांबत नाहीत. शाळा, बँक, पंचायत, सगळ्यांना घरच्या पुरुषाची सही हवी असते आणि ती आजच हवी असते. म्हणून त्यांच्या गावात जुनी रीत होती, की निघण्याआधी माणूस आपली सही घरातल्या एकाच्या हातात देऊन जायचा. अब्दुल्लाभाई दर्यावर असताना त्यांची सही थोरला भाऊ करायचा. फराजच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर बापाची म्हणून जी सही आहे, ती सगळी चुलत्याची. याला कुणी खोटं म्हणत नसे. शेजाऱ्याच्या हाती घराची किल्ली देऊन जावं तसं ते होतं.

फराज पहिल्या सफरीला निघाला त्याच्या आदल्या दिवशी बापलेक जेवणाच्या टेबलाशी बसले होते. फराजने बापाकडून आपल्या सहीचा तीन पानं भरून सराव करून घेतला. "अब्बा, एफची शेपटी अजून लांब. तुमी कंजूशी करताय," म्हणून तो हसला होता. अख्तरुन्निसाला हे दोघांनी सांगितलं नव्हतं, कारण कागदावर खोटं लिहिणं तिला हराम वाटायचं आणि तिने दोघांनाही सोडलं नसतं.

मग फराज गेला आणि सही मात्र हातात राहिली. समराच्या पासपोर्टच्या वेळी एजंट म्हणाला, दोघांच्या सह्या असल्या की काम पटकन होतं, एकीची असली की शंभर प्रश्न. आफरीनने आपली सही केली आणि सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी पेन घेतलं. खरं सांगायचं तर एजंट हे निमित्त होतं. ती शेपटी ओढताना त्यांना दर वेळी वाटायचं, की पोराचा हात आपल्या हातात आहे. एवढ्यापुरता तो असायचा, आणि एवढं त्यांना सोडवत नव्हतं. पोरीच्या शाळेच्या डायरीवर रोज पालकांची सही लागते, तिथेही ते फराजचीच करत आले. ती वेळ त्यांची दिवसातली सगळ्यात लाडकी वेळ होती.

कोर्टाबाहेर टपरीवर नमिताने दोन चहा सांगितले. अब्दुल्लाभाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मी उद्याच जज्जबाईंसमोर कबूल करतो, म्हणाले. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, मला काय करायची ती शिक्षा करू देत, पण पोरीला जाऊ देत.

नमिताने चहाचा कप खाली ठेवला. "चाचा, मी नेहमी बोलते टेन्शन घेऊ नका. आज नाही बोलणार. नीट ऐका. सही खोटी आहे असं तुम्ही बोललात, की पासपोर्ट खोट्या कागदावर घेतला असं होतं. तो रद्द होऊ शकतो. आणि शेजारी सही कुणाची आहे? आफरीनची. नवरा नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने तो फॉर्म दिला. हे तिच्यावर इथे आलं की तिथे तिच्या नोकरीवर, व्हिसावर येणार. मग मुलीला पाठवायचं तरी कुणाकडे?"

"आणि गप बसलो तर?"

"तर सही खरी. म्हणजे फराज बावीसच्या ऑक्टोबरमध्ये जिवंत होता. मग त्याची संमती आणा."

अब्दुल्लाभाईंनी सात वर्षांची गोष्ट काढली. सात वर्षं खबर नसली की कायदा माणसाला मेलेला धरतो, असं नमितानेच त्यांना सांगितलं होतं. अठ्ठावीसच्या फेब्रुवारीत ती भरत होती. तेवढं तरी थांबू, म्हणाले. नमिताने सांगितलं, की सात वर्षं शेवटच्या खबरेपासून मोजतात, आणि आता शेवटची खबर ही सही आहे. म्हणजे एकोणतीसचा ऑक्टोबर, तोही कुणी शंका काढली नाही तर. तोवर समराला बारावं लागलेलं असेल. आणि त्याच्या दोन वर्षं आधी पोरीच्या पासपोर्टची मुदत संपते, तेव्हा पुन्हा आईबापांच्या संमतीचा तोच फॉर्म. दुसरी वाट आहे का, असं त्यांनी तीनदा विचारलं. आत्ता तरी दिसत नाही, अर्ज मागे घेतलेला बरा, असं तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचे डोळे भरले, कारण मुळात बाई वाईट नव्हती. चहाचे पैसेही तिनेच दिले.

ते तिथेच बाकावर बसून राहिले. तिकडे आफरीनची रात्रपाळी सुटायची वेळ झाली होती. तिचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी परत येते. त्यांनी नको म्हणून सांगितलं. त्या फॉर्मवर तुझी जी सही आहे ती तुला इथे विमानतळावर अडवेल की नाही कोण जाणे, आणि सगळं सोडून येऊन खाशील काय. पण ही कारणं सांगताना त्यांचं त्यांनाच कळत होतं, की तिचं घर आपण मोडलं आहे आणि वर तिलाच शहाणपण शिकवतो आहोत.

"अब्बा, ती मला काल काय बोलली ठाऊक आहे?" आफरीन म्हणाली. "बोलली, तुमच्या घरी पण पाऊस पडतो का. तुमच्या घरी बोलली, अब्बा. आपल्या नाही." मग ती म्हणाली, की समरासाठी घेऊन ठेवलेला थंडीचा कोट आता दुकानात परत करून टाकते, तसाही पुढच्या वर्षी तो तिला होणार नाही.

घरी पोचायला त्यांनी मुद्दाम उशीर केला. खारघरच्या सेंट्रल पार्कच्या बाजूने पायी आले, वाटेत दोनदा बसले. दार अख्तरुन्निसाने उघडलं. कोर्टाचं एरवी ती कधी विचारायची नाही, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने विचारलं. अब्दुल्लाभाईंना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. त्यांनी अर्धं सांगितलं. नाही झालं काम, म्हणाले. कोर्टाचं म्हणणं पडलं, की फराज बावीसच्या ऑक्टोबरपर्यंत तरी होता. त्याच्या सहीचा कागद आहे.

हे अर्धं सांगणं ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, सहीहूनही मोठी. अख्तरुन्निसा खुर्चीवर बसली. तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं.

"मी बोलत होते ना," ती म्हणाली. "चार वरसं मी एकटी बोलत होते. तुमी सगले माज्यावर हसलात."

कुणी हसलं नव्हतं, पण तिला तसं वाटलं असेल. ती उठली, तिने तोंड धुतलं, दोन रकात नमाज शुक्राची, म्हणजे आभाराची, पढली. नंतर बांगड्याचं कालवण केलं, नारळाच्या दुधातलं, फराजला आवडायचं तसं, आणि भांडी मांडताना काहीतरी गुणगुणली. चार वर्षांत त्या घरात तिचं गुणगुणणं कुणी ऐकलं नव्हतं. अब्दुल्लाभाई सोफ्यावर बसून ते ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं, आत्ता सांगावं, नाही, जेवल्यावर सांगावं, नाही, आजची रात्र तरी जाऊ द्यावी.

समराला जज्ज नाही म्हणाले हे कळलं होतं. रडली नाही. मग शनिवारी वाढदिवसाला मला जाता येईल, वर्गातल्या उन्नतीकडे, एवढंच म्हणाली. जेवणाआधी ती दप्तर घेऊन आली आणि डायरी उघडून आजोबांसमोर धरली.

"दादाजान, पप्पांची सही."

उद्या सकाळी करू, ते म्हणाले. समरा म्हणाली, सकाळी तुम्ही विसरता आणि टीचर मला उभं करते. अख्तरुन्निसा ताटं घेऊन येत होती. पप्पांची कसली सही, तिने हसून विचारलं. आज तिला त्या नावाने हसू येत होतं.

"दादाजान करतात ना रोज," समरा म्हणाली. "सेम टू सेम पप्पांसारखी. टीचरला पण कळत नाही. दादी, तू बघ." आणि तिने डायरीची मागची पानं एकेक करून उलटून दाखवली. जूनपासूनची पानं. प्रत्येकावर फराज होता, लांब शेपटीचा.

अख्तरुन्निसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण लेकाची सही तिला ओळखता येत होती. तिने ताटं खाली ठेवली, डायरी हातात घेतली आणि दिव्याखाली धरली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कोर्टातला कागद?"

अब्दुल्लाभाईंनी मान खाली घातली. "तोही मीच केला, अख्तर."

ती ओरडली नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, ते त्यांनी झेललं असतं. तिने डायरी मिटून पोरीच्या हातात दिली, ओढणी डोक्यावरून नीट घेतली आणि कुणाची मयतीची खबर आली की माणसं जे म्हणतात ते ती म्हणाली, हळू पण स्पष्ट.

"इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन."

चार वर्षं नऊ महिने तिने ते शब्द अडवून धरले होते. नवऱ्याने, जमातीने, कंपनीने, वकिलाने सांगून ती जे म्हणाली नव्हती, ते एका शाळेच्या डायरीने वदवलं. अब्दुल्लाभाईही तिच्यामागून म्हणाले. ती कपाटाकडे गेली, पाचही कुर्ते काढून मांडीवर घेतले आणि तिथेच फरशीवर बसली. तेव्हा कुठे तिच्या घशातून पहिला हुंदका आला.

समरा घाबरून आजोबांना चिकटली. कोण गेलं, असं तिने विचारलं. त्यांना तिला सांगता आलं नाही. पप्पा गेले असं सांगितलं असतं तर ती उद्या शाळेत सांगणार, शाळा लिहून ठेवणार, आणि मग तो आणखी एक कागद होणार. एकोणतीसपर्यंत या घराबाहेर फराजला मरायची मुभा नव्हती.

ते नुसतेच तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने तिने पुन्हा डायरी पुढे केली, पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं. आतून अख्तरुन्निसाचं रडणं ऐकू येत होतं. अब्दुल्लाभाईंनी चष्मा पुसला आणि आजच्या तारखेखाली लेकाची सही केली.